विराम की विसर

दातार बाईंशी बोलताना श्वास घ्यायचा नाही. हा धडा मी बारा वर्षांपूर्वी शिकलो, मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी. लिफ्टमध्ये एक ठेंगण्या, पांढऱ्या अंबाड्याच्या बाई उभ्या होत्या. दिल्लीत मराठी तोंडवळा दिसला की माणूस जरा पघळतोच. मी हात जोडले आणि म्हणालो, "नमस्कार, मी जोशी. आम्ही आजच इथे..."

"राहायला आलोय," बाई म्हणाल्या.

"हो, पुण्याहून. नोकरी गुरुग्रामला आहे, पण घर..."

"इकडे परवडलं."

मी 'इकडे आवडलं' म्हणणार होतो. पण खरं ते परवडलंच होतं, त्यामुळे मी मान डोलावली. माझा मजला आला. बाई म्हणाल्या, "येतो म्हणा." मी "येतो" म्हणालो आणि बाहेर पडलो. घरी येऊन बायकोला सांगितलं की शेजार चांगला आहे, फक्त आपल्याला बोलायचं काम उरणार नाही.

इंदुमती दातार पहाडगंजच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. तो त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. खरा उद्योग संध्याकाळचा. दिल्लीतल्या हौशी मराठी मंडळींनी चाळीस वर्षांत जी जी नाटकं केली, त्या बहुतेक सगळ्या नाटकांत बाई होत्या, आणि एकाही प्रेक्षकाने त्यांना पाहिलेलं नाही. बाई प्रॉम्प्टर. विंगेत घडीच्या तिपाईवर बसायचं, मांडीवर संहिता ठेवायची आणि नट वाक्य विसरला की त्याला ते हळूच आठवून द्यायचं. आडनावच दातार. देण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

नाटकं पुढे कमी झाली, पण देण्याची सवय राहिली. मग बाई जगालाच प्रॉम्प्टिंग करू लागल्या. मेट्रोत ती ध्वनिमुद्रित बाई "अगला स्टेशन" म्हणून जरा थांबते, तेवढ्यात दातार बाई स्टेशनचं नाव सांगून मोकळ्या होतात. सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी पोथीचं पान उलटायला थांबले, तर पान उलटेपर्यंत साधुवाण्याची नौका बाईंनी किनाऱ्याला लावलेली असते. एकदा मी घरून काम करत होतो आणि बाई विरजण मागायला आल्या होत्या. माझी मीटिंग चालू होती. समोर परदेशी क्लायंट, आणि त्याने असा प्रश्न विचारलेला की ज्याचं उत्तर आमच्या अख्ख्या कंपनीत कुणाकडे नव्हतं. मी म्हणालो, "वुई विल..." आणि स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, "लुक इन्टु इट!" क्लायंटने विचारलं, या कोण? मी म्हणालो, सीनिअर आहेत.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. मला विनोद सांगायची हौस आहे. बायको म्हणते खोड आहे. विनोदात शेवटच्या वाक्याआधी एक क्षण थांबावं लागतं, सगळी गंमत त्या क्षणात असते. आणि नेमक्या त्या क्षणात बाई शेवटचं वाक्य देतात. लोक हसतात, पण बाईंकडे बघून. बारा वर्षांत माझा एकही विनोद मी स्वतः संपवलेला नाही.

बाईंकडे याचं उत्तर तयार असे. "विराम आणि विसर यातला फरक मला शिकवू नका, जोशी. विराम घेणाऱ्याचे डोळे भरलेले असतात. विसरलेल्याचे डोळे फिरायला लागतात. आधी वर जातात, मग विंगेकडे येतात. तुमचे वर गेले होते."

"मी रंगत आणत होतो."

"तुम्ही विसरला होतात."

हाच न्याय त्यांनी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खुराना साहेब यांनाही लावला. सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवून खुराना साहेब भाषणाला उभे राहिले. "भाइयों और बहनों, आज का दिन हम सबके लिए..." एवढं बोलून त्यांनी आकाशाकडे पाहिलं.

"गर्व का दिन है," मागून आवाज आला.

बाईंची कुजबुज ही चाळीस वर्षं कमावलेली कुजबुज आहे. ती तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतही ऐकू गेली. लोक फिदीफिदी हसले. खुराना साहेब लाल झाले. "मैडम, मैं पॉज ले रहा था!"

"पॉज नहीं था. आपकी आँखें ऊपर गई थीं."

"मैं झंडे को देख रहा था!"

"झंडा दाईं तरफ़ है," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दोन वर्षं खुराना साहेबांनी बाईंच्या गळक्या नळाची तक्रार घेतली नाही. बाईंनीही शब्द मागे घेतला नाही. त्या नळाखाली बादली लावून राहिल्या. बाई नमतं घेतात असं एकही उदाहरण माझ्या माहितीत नाही.

त्यांच्या धंद्यातला एक नियम मात्र त्या देवाधर्मासारखा पाळत. पुस्तक मांडीवर ठेवायचं, पण त्यात बघायचं नाही. डोळे नटावर. पुस्तकात बघून वाक्य शोधेपर्यंत नट मेलेला असतो, असं त्या म्हणत. म्हणून नाटक उभं राहायच्या आत बाईंना सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ असायची. आणि दुसरं, अख्खं वाक्य कधी द्यायचं नाही. शब्दसुद्धा द्यायचा नाही. पहिलं अक्षर द्यायचं. "शब्द दिला तर तो माझा होतो. अक्षर दिलं की शब्द त्याला स्वतःला सापडतो. त्याला वाटतं, आपल्यालाच आठवलं. वाटू दे की!"

आम्हाला मग अख्खी वाक्यं का देता, असं मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही नट थोडेच आहात?"

कॅन्टोन्मेंटमधल्या जवानांची नाटकंही त्यांनी सांभाळली. त्यातला साताऱ्याकडचा एक हवालदार सरदाराचं काम करत होता. "हुकूम असावा महाराज" हे त्याचं वाक्य. तो विसरला. बाईंनी विंगेतून फक्त "हु..." दिलं. हवालदाराला अक्षर पोचलं, पण आवाजातली जरबही पोचली. त्याने टाच आपटली, महाराजांकडे पाठ केली आणि विंगेला कडक सलाम ठोकून ओरडला, "हुकूम, मॅडम!" त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या. बाई हे सांगताना अजून डोळे पुसतात.

तर अशा या बाईंच्या हाती मी गेल्या वर्षी माझी मुलगी दिली.

माझी मुलगी सई. तिचं दिल्लीतलं नाव 'सही'. शाळेपासून हजेरीत तिला सही म्हणतात आणि तिनेही ते सोडून दिलंय. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत हिंदी असं मिसळलेलं असतं की वेगळं काढता येत नाही. कॉलेजात ती नाटकाच्या मंडळात होती. मंडळ दरवर्षी हिंदी नाहीतर इंग्रजी करायचं. सईने हट्ट धरला की यंदा देशभरातल्या कॉलेजांच्या नाट्यमहोत्सवाला आपण मराठी एकांकिका न्यायची. तिनेच लिहिलेली. मंडळाच्या अध्यक्षाने विचारलं, "समझेगा कौन?" सई तावातावाने घरी आली. बाई योगायोगाने आमच्याकडेच होत्या. योगायोगाने म्हणजे रोजच्यासारख्या.

"समझेगा कौन म्हणे!" सई म्हणाली. "मी पण त्याला सांगितलं की..."

"तू आधी बघायला ये," बाई म्हणाल्या.

"बिल्कुल हेच! बाई, तुम्ही याल ना आमच्याबरोबर?"

बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तिपाईला तेल घालावं लागेल. कुरकुरते."

एकांकिकेचं नाव होतं 'किल्ली शेजारी आहे'. आई गेल्यावर तिचा फ्लॅट रिकामा करायला आलेली मुलगी, अशी साधी गोष्ट. रंगमंचावर जवळजवळ सई एकटीच. तालमी बाईंच्या घरी व्हायच्या. मी पहिल्यांदा तिथे सईला आणायला गेलो, तेव्हा पाहिलं तर स्वयंपाकघरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. सांडशीवर 'सांडशी', उलथन्यावर 'उलथनं', तांदूळ धुवायच्या रोवळीवर 'रोवळी', भिंतीतल्या कपाटावर 'फडताळ'. मिसळणाच्या डब्यातसुद्धा एक चिठ्ठी, 'दगडफूल'.

"हे काय, बाई?"

"पोरांसाठी," बाई पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या. "दिल्लीची पोरं. चिमट्याला चिमटा आणि सांडशीलाही चिमटा."

मला कौतुक वाटलं. तेवढंच वाटलं.

नाटकाचं शेवटचं वाक्य बाईंनी आणि सईने मिळून घडवलं होतं. "कुलूप लावलं. किल्ली शेजारी दिली. सगळं झालं. पण एक रुखरुख राहिली." तिथे दिवे मंदावतात आणि नाटक संपतं. अडचण अशी की सईला रुखरुख म्हणता येईना. ती 'रुकरुक' म्हणायची.

"ऑटो थांबवतेयस का ग?" बाई ओरडायच्या. "रुक, रुक! ख म्हण, ख. रुखरुख."

"पण बाई, याचा मतलब काय? गिल्ट?"

"गिल्ट नव्हे. पश्चात्तापही नव्हे. तो मोठ्या पापांचा असतो. पाहुणी निघाली, गप्पांच्या नादात तिला कुंकू लावायचं राहून गेलं, आणि रिक्षा वळल्यावर आठवलं. आता धावून उपयोग नाही. ती रुखरुख. कुणी मरत नाही तिच्याने. पण ती जातही नाही."

सईने मान डोलावली आणि म्हणाली, "रुकरुख." दोन महिन्यांनी तिला ते नीट यायला लागलं. दिल्लीच्या फेरीत निवड झाली. आणि मग महोत्सवाची नियमावली आली.

नियम अकरा. मंचन के दौरान पार्श्व से किसी भी प्रकार की प्रॉम्प्टिंग वर्जित है. उल्लंघन हुआ तो टीम बाद.

बाईंनी तो नियम तीनदा वाचला. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी घ्यायला लावून त्या मंडी हाऊसजवळच्या महोत्सवाच्या कचेरीत जाऊन धडकल्या. तिथले संयोजक मल्होत्रा म्हणून होते, माणूस सज्जन आणि थकलेला. ते म्हणाले, "मैडम, नैशनल लेवल का कॉम्पिटिशन है."

"नैशनल लेवल पर लोग भूलते नहीं?"

"तैयारी करके आते हैं, मैडम."

"तैयारी वाला ही भूलता है. जिसने याद ही नहीं किया, वो क्या भूलेगा?"

मल्होत्रांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी तडजोड निघाली. बाईंनी विंगेत बसायला हरकत नाही, पण तोंडातून आवाज आला तर संघ बाद. त्यांच्या शेजारी एक स्वयंसेविका बसेल, लक्ष ठेवायला. बाई म्हणाल्या, "बसू दे. शिकेल काहीतरी." जिना उतरताना मी विचारलं, "बाई, सई खरंच अडली तर काय करणार?" बाई थांबल्या. "जोशी, नियम कागदावर असतो. पोरगी उजेडात एकटी उभी असते. मी देणार. बाद करायचं तर करू देत."

 इतके महिने घाम गाळलेली आठ पोरं, आणि ही बाई एका अक्षरासाठी सगळं पाण्यात घालायला निघाली होती. पण त्यांना सांगणार कोण?

नावनोंदणी ऑनलाइन होती. दिग्दर्शक, प्रकाश, संगीत, वेशभूषा, असे सगळे पर्याय होते. प्रॉम्प्टर नव्हता. सईने शेवटचा पर्याय निवडला. त्यामुळे बाईंना गळ्यात घालायचं कार्ड मिळालं त्यावर छापलं होतं, 'इंदुमती दातार, अदर'. बाईंनी ते पदकासारखं मिरवलं.

आमची वेळ दुपारी तीनची. सभागृह भरलं होतं. मणिपूरपासून केरळपर्यंतची पोरं, कुणाच्या तोंडाला अजून रंग लागलेला. मराठी कळणारे आम्ही जेमतेम पाचसहाजण. तिसऱ्या रांगेत बसून मी सईकडे बघत होतो आणि मला कळत नव्हतं की ही आपलीच पोरगी का. तिने आईची साडी घडी घातली तेव्हा माझ्या शेजारची एक केरळी मुलगी नाक ओढायला लागली. शेवट आला. सईने हवेतच कुलूप लावलं. किल्ली मुठीत धरली.

"कुलूप लावलं. किल्ली शेजारी दिली. सगळं झालं. पण एक..."

आणि ती थांबली.

मी बाईंच्या तालमीत बारा वर्षं काढली होती. मी डोळे पाहिले. ते वर गेले. मग डावीकडे विंगेत गेले. विराम नव्हता तो.

बारा वर्षं ज्या कुजबुजीला मी शिव्या दिल्या, तिची मी तेव्हा देवाजवळ भीक मागितली. बाद होऊ दे. सगळं होऊ दे. बाई, द्या तिला. एक अक्षर द्या. पण विंग गप्प होती. सई बघत राहिली. मग तिने हळूहळू मान खाली घातली आणि मूठ उघडून तळहाताकडे पाहत उभी राहिली. दिव्यांवरच्या हरियाणवी मुलीला तो शब्द आल्यावर दिवे मंद करायचे होते. बिचारीने खूप वाट पाहिली आणि अखेर मंद केले.

सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी रंगमंचामागे धावलो. सई भिंतीला टेकून रडत होती. "पप्पा, मी बघितलं त्यांच्याकडे. त्यांनी दिलंच नाही." बाई तिपाईवरच बसल्या होत्या. संहिता मांडीवर मिटलेली. एवढ्यात मल्होत्रा आले आणि हात जोडून म्हणाले, "मैडम, मान गए. आपने नियम का मान रखा." ते गेले आणि माझं डोकं सटकलं.

"एरवी माझ्या तोंडातला घास काढून घेता," मी म्हणालो. "खुरानाला झेंड्याखाली उघडं पाडता. आणि पोरगी तुमच्याकडे डोळे लावून उभी होती, तेव्हा नियम पाळायचं सुचलं तुम्हाला? गळ्यातलं कार्ड एवढं प्यारं झालं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी उत्तराची वाट न पाहता सईला घेऊन निघालो. घरी येताना मेट्रोत आम्ही एका डब्यात होतो आणि बाई दुसऱ्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी बक्षीस समारंभ. परीक्षकांनी सईला अभिनयाचं बक्षीस दिलं. "वह जो अधूरा वाक्य था," परीक्षक भारावून म्हणाले, "वह मौन! ऐसा पॉज हमने बरसों में नहीं देखा." सई माइकवर गेली आणि म्हणाली, "सर, वो पॉज नहीं था. मैं भूल गई थी." परीक्षक गहिवरले. "देखिए, कितनी विनम्र बच्ची है!" सभागृहाने पुन्हा टाळ्या दिल्या. आता याला काय करणार? विजेत्यांना विंगेत उभं करत होते, सईही तिकडे जाऊन उभी राहिली.

मग मल्होत्रांनी शिस्तीचं बक्षीस जाहीर केलं. आमच्याच संघाला. आणि ते घ्यायला त्यांनी मुद्दाम बाईंना बोलावलं.

बाई आल्या. चाळीस वर्षं नाटकात काढून रंगमंचावर, उजेडात, त्या पहिल्यांदा पाऊल ठेवत होत्या. कसं चालायचं तेही त्यांना उमगत नव्हतं. उजेडाला हात आडवा धरून त्या माइकपर्यंत पोचल्या. मल्होत्रांनी पुढे केलेलं स्मृतिचिन्ह त्यांनी घेतलंच नाही.

"ये इनाम मैं नहीं लूँगी," बाई म्हणाल्या. "मैंने कोई नियम नहीं माना. मैंने मुँह खोला था. शब्द आया नहीं."

सभागृहात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"चालीस साल मैंने लोगों को शब्द दिए. कल बच्ची ने मेरी तरफ़ देखा और मेरे पास नहीं था. किताब गोद में थी. मैं कभी देखती नहीं हूँ. घमंड था. जब तक पन्ना मिला, बत्ती बुझ गई." बाई जरा थांबल्या, पण डोळे भरलेले होते. "नागपूर में मेरी बहन थी. रोज सुबह सात बजे फ़ोन करती थी. हम मराठी में झगड़ते थे. वो चली गई. अब घर में कोई नहीं जिसके साथ बोलूँ. बोलो नहीं तो शब्द चले जाते हैं, एक एक करके, बिना बताए. अकेला आदमी भूल जाए, तो उसको कौन बताएगा? आपका नियम ग्यारह कहता है कि कोई न बताए. मुझे मंज़ूर नहीं है. भूलना कोई गुनाह नहीं है. किसी को उधर खड़ा रहना चाहिए. लिख लीजिए."

मला स्वयंपाकघरातल्या चिठ्ठ्या आठवल्या. मिसळणाच्या डब्यातली 'दगडफूल'. तालमीला येणाऱ्या पोरांनी तो डबा कशाला उघडला असता? मला बसल्या जागी लाज वाटली.

"और वो बच्ची," बाई म्हणाल्या, "उसे मैं एक अक्षर नहीं दे सकी, इसकी मुझे... मराठी में एक शब्द है. उसको कहते हैं..."

त्या थांबल्या. डोळे वर गेले, दिव्यांकडे. सगळ्या सभागृहाला तो विराम वाटला असेल. मला माहीत होतं. डोळे फिरले आणि डावीकडे विंगेत जाऊन थांबले.

"रु..." विंगेतून आवाज आला. कुजबुज. तिसऱ्या रांगेत मला स्पष्ट ऐकू आली.

बाईंचा चेहरा उजळला. "रुखरुख," त्या म्हणाल्या. "रुखरुख कहते हैं." आणि नमस्कार करून त्या थेट डाव्या विंगेत शिरल्या, जिथे सई उभी होती. पुढचं मला दिसलं नाही. मल्होत्रा ते स्मृतिचिन्ह घेऊन बराच वेळ तसेच उभे होते.

परतताना आम्ही तिघं एकाच डब्यात बसलो. काल विंगेतच राहिलेली तिपाई माझ्या मांडीवर. बाई सईची खरडपट्टी काढत होत्या.

"'रु' कशाला दिलंस? 'र' पुरे होता. अर्धं काम तूच केलंस. आणि ते तुझं बक्षीस परत करायची भाषा करू नकोस. विसरलीस, पण पळाली नाहीस. उभी राहिलीस. ते खरं होतं."

"चलो, म्हणजे मी तुमच्यापेक्षा बरी प्रॉम्प्टर आहे," सई म्हणाली. "उद्यापासून सकाळी सातला मी तुमच्याकडे येणार. मराठीत झगडा करायला."

"झगडा नाही. भांडण," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड केलं. खिडकीबाहेर यमुना होती. ती त्या दोन मिनिटं लक्ष देऊन बघत राहिल्या.

मला बोलायचं होतं. मी घसा साफ केला.

"बाई, काल मी तुम्हाला नको ते बोललो. त्याची मला..."

आणि मी श्वास घेतला. मुद्दाम घेतला. बारा वर्षांत पहिल्यांदा मला वाटत होतं की बाईंनी माझं वाक्य पुरं करावं. बाई माझ्याकडे बघत होत्या. नीट, डोळ्यांत. काही बोलेनात.  पुन्हा गेला वाटतं शब्द. मी घाईघाईने पुढे वाकलो आणि हळूच म्हणालो, "रु..."

"ठाऊक आहे मला!" बाई कडाडल्या. अख्खा डबा आमच्याकडे बघायला लागला. "तुमचे डोळे भरले होते, जोशी. विराम होता तो. म्हणून थांबले."